४०००३७ : अँटॉप हिलच्या पिनकोडचे गणित

४०००३७ हा मुंबईतील अँटॉप हिल परिसराचा पिनकोड. महापालिकेच्या एफ उत्तर विभागात, वडाळा आणि शीव-कोळीवाडा यांच्या सान्निध्यात वसलेल्या या भागातील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, चाळींत आणि नव्या टोलेजंग इमारतींत हा क्रमांक रोज लिहिला जातो. रेशनकार्ड, वीजबिल, बँकेचे पासबुक अशा सर्व कागदांवर तो असतो. मात्र पत्त्याची शेवटची ओळ एवढीच त्याची ओळख राहते. संख्या म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर 'चार लाख सदतीस' या पूर्णांकाला स्वतःचे अवयव, स्वतःचे शेजारी आणि गणिताने ठरवलेले स्वतःचे वर्ग आहेत. त्यांपैकी काही वर्गांची नावे तर देवळालीच्या एका मराठी शाळामास्तरांनी ठेवलेली आहेत.

पत्त्यातील स्थान

भारतात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील तत्कालीन अतिरिक्त सचिव आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक मानले जातात. देशात एकाच नावाची अनेक गावे, भाषा आणि लिप्या वेगवेगळ्या. अशा स्थितीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याला सहा अंकांचा आधार मिळावा, हा तिचा हेतू होता.

या सहा अंकांना क्रम आहे. पहिला अंक विभागाचा. देशाचे आठ भौगोलिक विभाग असून नववा क्रमांक लष्करी टपालासाठी राखून ठेवलेला आहे. ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो. ४०० म्हणजे मुंबई. शेवटचे तीन अंक टपाल वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. मुंबईत पिनकोडच्या आधीपासून टपालाचे क्रमांकित विभाग होते आणि पत्त्यात 'मुंबई-१४', 'मुंबई-२८' असे लिहिण्याची पद्धत होती. नव्या पद्धतीत हेच जुने क्रमांक शेवटी कायम राहिले. दादरचे १४ आणि २८ हे ४०००१४ आणि ४०००२८ झाले.

थोडक्यात, ४०००३७ ही संख्या कोणी तिच्या गणिती गुणांसाठी निवडलेली नाही. ती केवळ प्रशासकीय सोय आहे. परंतु संख्या एकदा लिहिली गेली की तिचे गुणधर्म तिच्यासोबत येतातच. ते खात्याच्या इच्छेवर अवलंबून नसतात.

अवयव आणि विभाजक

कोणत्याही पूर्णांकाविषयी पहिला प्रश्न असतो तो मूळ संख्या आहे की संयुक्त. ४,००,०३७ चे वर्गमूळ ६३२ च्या किंचित पुढे आहे. म्हणून ६३२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जातो का, एवढेच तपासावे लागते. २, ३, ५ आणि ७ यांनी भाग जात नाही. ११ ने जातो आणि ३६,३६७ उरतात. त्यांना ४१ ने भागल्यास ८८७ येतात. ८८७ ही मूळ संख्या आहे. म्हणजेच,

४,००,०३७ = ११ × ४१ × ८८७

तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा, प्रत्येक एकदाच घेऊन केलेला असा गुणाकार ज्या संख्येचा असतो, तिला 'स्फेनिक' संख्या म्हणतात. पाचर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. सर्वांत लहान स्फेनिक संख्या ३० (२ × ३ × ५) होय. अशा प्रत्येक संख्येला नेमके आठ विभाजक असतात. अँटॉप हिलच्या संख्येचे विभाजक असे : १, ११, ४१, ४५१, ८८७, ९,७५७, ३६,३६७ आणि ४,००,०३७.

स्वतः संख्या वगळून उरलेल्या सात विभाजकांची बेरीज ४७,५१५ भरते. ही बेरीज संख्येइतकीच असती तर ती '६' किंवा '२८' प्रमाणे परिपूर्ण संख्या ठरली असती; जास्त असती तर विपुल. येथे बेरीज फारच कमी असल्याने ४,००,०३७ ही न्यून संख्या आहे.

तिला दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत नाही. चारने भागल्यावर ३ बाकी उरते अशी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली की तशी मांडणी अशक्य होते, हा जुना सिद्धान्त आहे. आणि ११ व ८८७ या दोन्ही त्याच प्रकारच्या आहेत. तीन वर्गांत मात्र ती बसते : ६३२ चा वर्ग, १८ चा वर्ग आणि १७ चा वर्ग मिळवल्यास (३,९९,४२४ + ३२४ + २८९) बरोबर ४,००,०३७ होतात.

गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून अवयव शोधणे कठीण. या एका असमतोलावर आजच्या संगणकीय व्यवहारांतील सुरक्षेचा मोठा भाग उभा आहे. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली आरएसए ही गूढलेखन पद्धती त्याचेच उदाहरण. सहा अंकी संख्येचे अवयव शाळकरी मुलगा कागदावर पाडू शकतो. परंतु आव्हान म्हणून जाहीर केलेल्या एका २५० अंकी संख्येचे दोन अवयव शोधण्यास २०२० साल उजाडावे लागले, आणि तेही असंख्य संगणक एकत्र जुंपून.

अकराची कसोटी

११ हा अवयव विशेष उपयोगी आहे. त्याची कसोटी शाळेत शिकवली जाते : उजवीकडून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या, त्यांतील फरक ० किंवा ११ च्या पटीत असेल तर संख्येला ११ ने भाग जातो. ४०००३७ मध्ये एका बाजूला ७ + ० + ० = ७ आणि दुसऱ्या बाजूला ३ + ० + ४ = ७. दोन्ही पारडी समान.

याचा व्यवहारात अर्थ असा. या क्रमांकातील कोणताही एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन वेगवेगळे अंक अदलाबदल होऊन लिहिले गेले, तर नव्या संख्येला ११ ने भाग जात नाही आणि चूक उघडी पडते. ३७ ऐवजी ७३ लिहिले तर बेरजा ३ आणि ११ येतात. ३७ ऐवजी ३१ लिहिले तर १ आणि ७. जुन्या दहा अंकी आयएसबीएन या पुस्तक क्रमांकात ११ वर आधारित अशीच तपासणी होती. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही अशा तपासणीसाठीच असतो; त्यासाठी डच गणिती व्हेरहॉफ यांची पद्धत वापरली जाते.

पिनकोडमध्ये मात्र तपासणीचा अंक नाही. अँटॉप हिलऐवजी ४०००३१ लिहिले गेले, तर तो क्रमांक चुकीचा ठरत नाही. तो वडाळ्याचा असतो आणि पत्र सरळ तिकडे जाते. मुंबईतील ज्या मोजक्या पिनकोडना योगायोगाने ११ ने भाग जातो, त्यांत गिरगावचा ४००००४, शिवडीचा ४०००१५ आणि अँटॉप हिलचा ४०००३७ यांचा समावेश होतो. सर्व पिनकोड असेच ११ च्या पटीत ठेवले असते, तर एका अंकाची चूक वर्गवारीच्या टेबलावरच पकडता आली असती. त्याची किंमत मात्र द्यावी लागली असती : उपलब्ध क्रमांकांची संख्या एक-अकरांशावर आली असती.

शेजारच्या संख्या

वडाळ्याचा ४०००३१ आणि काळाचौकी-कॉटन ग्रीनचा ४०००३३ या दोन्ही मूळ संख्या आहेत. ज्या दोन मूळ संख्यांत फक्त २ चा फरक असतो, त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. ३ आणि ५, ११ आणि १३ ही तिची परिचित उदाहरणे. संख्या मोठ्या होत जातात तशा मूळ संख्या विरळ होत जातात. ४००००१ ते ४०००५० या पन्नास संख्यांत त्या तीनच आहेत. वरील दोन आणि चिंचबंदरचा ४००००९. त्यांतील दोन पाठोपाठ येऊन शेजारच्या वस्त्यांच्या वाट्याला गेल्या.

जोडमूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी एवढे सिद्ध केले की सात कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ते अंतर नंतर बरेच खाली आणले गेले. २ पर्यंत मात्र कोणी पोहोचलेले नाही.

कापरेकरांच्या कसोट्या

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येच्या अंगचे आहेत. ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ११, ४१ आणि ८८७ हेच तिचे अवयव राहतील. दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म तिच्या दशमान मांडणीतील अंकांवर अवलंबून असतात. या प्रांताचे सर्वांत ज्ञात नाव म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. हाती पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाचे पद नाही. कागद आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर त्यांनी संख्यांचे नवे वर्ग शोधले.

त्यांच्या कसोट्या अँटॉप हिलच्या संख्येला लावल्यास पुढील चित्र दिसते.

हर्षद संख्या : जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती, म्हणजे हर्ष देणारी संख्या. ४०००३७ च्या अंकांची बेरीज १४. संख्या विषम असल्याने १४ ने भाग जाणे शक्य नाही. म्हणून ती हर्षद नाही. दादर पूर्वचा ४०००१४ मात्र हर्षद आहे. त्याच्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भागल्यास ४४,४४६ येतात.

कापरेकर संख्या : जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवल्यास मूळची संख्या परत येते ती. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. ४,००,०३७ चा वर्ग १६००२९६०१३६९ असून १६००२९ आणि ६०१३६९ यांची बेरीज ७६१३९८ होते. येथेही संख्या बसत नाही.

स्वयंभू संख्या : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. २१ मध्ये २ + १ मिळवल्यास २४. म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला असा कोणीही जनक नसतो ती स्वयंभू. देवळालीच्या नावावरून अशा संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. १, ३, ५, ७, ९, २० ही त्यांची सुरुवात. ४००००१ ते ४००१०४ या मुंबईच्या पट्ट्यात स्वयंभू संख्या सातच आहेत. त्यांत कुलाब्याचा ४००००५, विलेपार्ले पूर्वचा ४०००५७ आणि दहिसरचा ४०००६८ येतात.

अँटॉप हिलची संख्या स्वयंभू नाही. उलट तिला दोन जनक आहेत. ४०००३० मध्ये ७ मिळवले की ४०००३७ होतात आणि ३९९९९४ मध्ये ४३ मिळवले तरीही ४०००३७ च होतात. एकापेक्षा अधिक जनक असलेल्या संख्येला कापरेकरांनी 'जंक्शन संख्या' असे नाव दिले. सर्वांत लहान जंक्शन १०१. तिचे जनक ९१ आणि १००. अँटॉप हिलला हा मान मिळण्याचे कारण साधे आहे. चार लाखांच्या अलीकडच्या संख्यांत ९ हा अंक भरलेला असल्याने त्यांच्या अंकांची बेरीज चाळीसच्या पुढे जाते आणि त्या चार लाखांचा टप्पा ओलांडून लांब उडी घेतात; पलीकडच्या संख्यांत शून्ये भरलेली असल्याने त्या लहान पावले टाकतात. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १ वर बारा शून्ये आणि शेवटी १ अशी चौदा अंकी आहे. चार जनकांसाठी पंचवीस अंकांपर्यंत जावे लागते.

चिंचबंदर ते जोगेश्वरी

अंकांची बेरीज मिळवण्याची हीच क्रिया पुढे चालू ठेवल्यास मुंबईच्या टपाल नकाशावर एक साखळी तयार होते. चिंचबंदरच्या ४००००९ मध्ये १३ मिळवल्यास शीवचा ४०००२२ येतो. त्यात ८ मिळवल्यास वरळीचा ४०००३०. त्यात ७ मिळवल्यास अँटॉप हिलचा ४०००३७. पुढे १४ मिळवल्यास वांद्रे पूर्वचा ४०००५१, मग वेसाव्याचा ४०००६१, साकीनाक्याचा ४०००७२, भाभा अणुसंशोधन केंद्राचा ४०००८५ आणि शेवटी जोगेश्वरी पश्चिमचा ४००१०२. भूगोलाच्या दृष्टीने या स्थानकांना काहीही क्रम नाही. अंकगणिताच्या दृष्टीने एकाही टप्प्यात पर्याय नाही.

६१७४ ची वाट

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ चा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी; तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी; आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. अँटॉप हिलच्या पिनकोडचे शेवटचे चार अंक, ००३७, घेतल्यास : ७३०० − ००३७ = ७२६३; मग ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पायरीला ६१७४.

पूर्ण सहा अंकी संख्येला मात्र असा एक मुक्काम नाही. सहा अंकांसाठी ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन स्थिरांक आणि सात संख्यांचे एक चक्र आहे. ४०००३७ ची सुरुवात ७४३००० − ०००३४७ = ७४२६५३ अशी होते आणि दहाव्या पायरीला ८५१७४२ येतात. तेथून ती चक्रात शिरते : ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. त्यातून ती कधीही बाहेर पडत नाही.

करमणूक की गणित?

अंकांवर आधारित गुणधर्मांना गणितात प्रतिष्ठा द्यावी का, हा वाद जुना आहे. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अशा गोष्टींची गणना वृत्तपत्रांतील कोड्यांत केली आणि त्यांत गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही, असा निर्वाळा दिला. आक्षेपाचा गाभा असा की दहाच्या जागी बारा हा पाया घेतला तर हे गुणधर्म नाहीसे होतात. कापरेकरांचीही देशातील अनेक गणितज्ञांनी याच कारणाने उपेक्षा केली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभर पोहोचले.

आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. एखादी संख्या स्वयंभू असणे हे पायावर अवलंबून असते. परंतु स्वयंभू संख्या किती दाट पसरलेल्या आहेत, हा प्रश्न साध्या कोड्याचा राहत नाही. इटलीचे उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये त्याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वर्गाचे नाव क्षुल्लक प्रसंगातून आले म्हणून वर्ग क्षुल्लक ठरत नाही, याचे आणखी एक उदाहरण स्मिथ संख्यांचे. अमेरिकी गणिती अल्बर्ट विलान्स्की यांच्या लक्षात आले, की त्यांचे मेहुणे स्मिथ यांच्या ४९३७७७५ या दूरध्वनी क्रमांकातील अंकांची बेरीज ४२ असून त्याच्या मूळ अवयवांच्या अंकांची बेरीजही ४२ च आहे. १९८२ मध्ये त्यांनी या वर्गाला मेहुण्यांचेच नाव दिले. ४०००३७ या कसोटीला उतरत नाही : तिच्या अंकांची बेरीज १४, अवयवांच्या अंकांची ३०.

टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही नवी पद्धत जाहीर केली. तिच्यात सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला अक्षरे आणि अंक मिळून दहा चिन्हांचा स्वतंत्र संकेत मिळतो. अक्षरे मिसळलेल्या अशा संकेताचे सरळ अवयव पाडता येत नाहीत. सहा अंकी पिनकोडचे येतात. त्यासाठी लागणारी सामग्री कापरेकरांकडे होती तेवढीच : स्वतःच्या पत्त्यातील संख्या, कागद आणि पेन्सिल. प्रथम ११ ची कसोटी, मग अंकांच्या बेरजेने भागाकार, मग जनकाचा शोध, या क्रमाने कोणत्याही वाचकाला आपल्या पिनकोडचा वर्ग अर्ध्या तासात ठरवता येईल.